ऊमरा : बंदरावर उतरलेले एक नाव

कापसाचा हंगाम सुरू झाला की अकोला-अमरावतीच्या वर्तमानपत्रांत दोन भाव छापून येतात. एक कापसाचा, क्विंटलमागे. दुसरा रुईचा, खंडीमागे. पहिला शेतकऱ्याच्या कामाचा, दुसरा जिनवाल्याच्या आणि व्यापाऱ्याच्या. ही रुईची खंडी 356 किलोंची असते. 350 नाही, 400 नाही, 356. हा आकडा कुठून आला असे मी आजवर किती तरी जिनवाल्यांना विचारले असेल. बहुतेकांचे उत्तर एकच : "पयलेपासून तसंच हाय."

पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, या प्रश्नामागे लागण्याचा मला छंद आहे. आपल्याकडे वीस मणांची खंडी हे कोष्टक जुन्या पिढीने शाळेत घोकलेले आहे. पण मुंबईच्या रुईबाजारात खंडी अठ्ठावीस मणांची होती, आणि मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा. अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस, 784 पौंड. त्याचे किलो केले की 355.6 भरतात, म्हणजे आपले 356. गंमत पुढे आहे. विलायतेत माल हंड्रेडवेटने मोजत आणि एक हंड्रेडवेट म्हणजे 112 पौंड. 784 ला 112 ने भागले की बरोबर सात येतात, बाकी शून्य. नाव आपले, मण मुंबईचे आणि भागाकार लिव्हरपूलच्या सोयीचा. फूट-पौंड जाऊन दशमान पद्धत आली त्याला साठ वर्षे उलटली. वऱ्हाडातल्या रुईचा भाव मात्र अजून त्या बंदराच्या मापाने निघतो.

या मापाचा माग काढत काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी मुंबईला भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहायला गेलो. मुंबईचे बंदर, व्यापार, हुन्नर, कारागिरी यांची आठवण जपणारे हे शहरातले सर्वांत जुने संग्रहालय. पाहायचे होते ते इतकेच, की ज्या कापसावर ते शहर उभे राहिले तो कापूस पिकवणाऱ्या मुलखाची आठवण तिथे कोणत्या कपाटात ठेवली आहे.

अमरावती एक्सप्रेस संध्याकाळी निघते आणि सकाळी दादरला सोडते. याच रुळांवरून आपला कापूस गेला, हा विचार झोप येईपर्यंत सुचत राहतो. भायखळ्याला उतरून राणीच्या बागेच्या दाराशी पोचलो. हे संग्रहालय बुधवारी बंद असते हे मला तिथे गेल्यावर कळले. सुदैवाने तो गुरुवार होता.

* * *

आत शिरल्यावर डोळे दिपतात हे खरे आहे. फिकट हिरवा रंग, सोनेरी नक्षी, विलायतेहून आणलेले ओतीव लोखंडाचे खांब, मध्यभागी राणीच्या नवऱ्याचा, प्रिन्स आल्बर्टचा संगमरवरी पुतळा. 2008 मध्ये जीर्णोद्धारानंतर इमारत पुन्हा उघडली, तेव्हापासून ती पाहायला देशोदेशीचे लोक येतात. पण इमारतीचे सौंदर्य हा माझा विषय नव्हता. माझा विषय तिचा पाया होता.

या संग्रहालयाची जन्मकथा कच्च्या मालापासून सुरू होते. 1851 मध्ये लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले, 1855 मध्ये पॅरिसला. त्या निमित्ताने हिंदुस्थानातल्या उपजेचे आणि कारागिरीचे नमुने गोळा झाले, आणि असे नमुने मुंबईतही कायमचे ठेवावेत अशी कल्पना निघाली. बिया, धान्ये, तंतू, डिंक, रंग, लाकूड. कोणत्या जिल्ह्यात काय पिकते आणि त्याचे विलायतेत काय करता येईल, हे व्यापाऱ्याला एका जागी पाहता यावे, हा हेतू. पहिली जागा किल्ल्यातल्या लष्करी बराकींत मिळाली. 1857 च्या धामधुमीत लष्कराला ती परत हवी झाली, नमुने घाईघाईने बाहेर काढले गेले आणि त्यात पुष्कळ नासले. उरलेसुरले सावरले ते जॉर्ज बर्डवुड या डॉक्टरने. 1862 मध्ये त्याने मुंबई इलाख्याच्या आर्थिक उपजेची यादीच छापली. आज आपण संग्रहालय म्हटले की जुन्या वस्तू समजतो. हे संग्रहालय जन्मले तेव्हा त्यातल्या वस्तू ताज्या होत्या. बाजारातल्या वाणगीसारख्या.

आता वर्ष पाहा. 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर याने सध्याच्या इमारतीची कोनशिला बसवली. समितीचे अध्यक्ष जगन्नाथ शंकरशेट. चिटणीस भाऊ दाजी आणि बर्डवुड. देणगीदारांत डेव्हिड ससून आणि प्रेमचंद रायचंद. अमेरिकेतले यादवी युद्ध त्या वेळी दुसऱ्या वर्षात होते. विलायतच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून अधिक हिस्सा तोवर अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या कष्टातून येत असे. तो बंदरांतच अडकला आणि मँचेस्टरची नजर मुंबईकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुरात बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्या कंपन्यांच्या शेअरांवर सट्टा चढला. 1864 मध्ये प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. राजाबाई टॉवर म्हणून आपण तो ओळखतो.

एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेने शस्त्रे ठेवली. रुईचे भाव कोसळले. 1 जुलै 1865 ला वायद्यांचे देणे चुकवायचे होते; त्या दिवशी मुंबईतली भली भली घराणी बुडाली. संग्रहालयाच्या इमारतीचे काम पैशाअभावी थंडावले, पुढे सरकारने ते अंगावर घेऊन पुरे केले आणि 2 मे 1872 रोजी दारे उघडली. बुडालेल्यांत खुद्द भाऊ दाजीही होते. हा माणूस कुष्ठरोगावर औषध शोधत होता, अजिंठ्याचे शिलालेख वाचत होता, गरिबांकडून फी घेत नव्हता. त्याचीही कमाई त्या शेअरांत गेली. 1874 मध्ये ते वारले. त्यांचे नाव या वास्तूला 1975 मध्ये दिले गेले, तोवर ती व्हिक्टोरिया आणि आल्बर्टच्या नावाने होती.

म्हणजे ही इमारतच कापसाच्या तेजीत सुरू झाली, मंदीत अडली आणि तेजीमंदीत होरपळलेल्या माणसाचे नाव घेऊन आज उभी आहे. कापसाचा याहून मोठा नमुना तिच्या कुठल्याही कपाटात मावणार नाही.

कपाटांपुढून मी सावकाश फिरलो. चांदीकाम, हस्तिदंत, चंदनाच्या पेट्या, मातीची भांडी. वरच्या मजल्यावर मुंबईच्या बेटांचे नकाशे, आणि नाना जातींचे, नाना धंद्यांचे लोक दाखवणाऱ्या मातीच्या बाहुल्या. पगड्यांचे प्रकार इतके, की त्यावरच एक लेख व्हावा. मी मात्र कपाटाच्या काचेला नाक लावून चिठ्ठ्या वाचत होतो. तिथे काम करणारी एक मुलगी बराच वेळ पाहत होती. शेवटी जवळ आली.

"काका, काही विशेष शोधताय का?"

"अमरावती," मी म्हणालो.

"अमरावतीचं काय?"

"काहीही चालेल."

ती हसली, पण उडवून लावले नाही. आठवून आठवून तिने दोन दालने सांगितली. दोन्ही पाहून झाली होती. त्या दिवशी तरी मला तिथल्या चिठ्ठ्यांवर अमरावती, अकोला, खामगाव यांपैकी एकही नाव भेटले नाही. यात संग्रहालयाची चूक आहे असे मी म्हणणार नाही. शहराचे संग्रहालय शहराबद्दल बोलते आणि माल बंदरावर उतरला की बंदराचा होतो. पण या बाबतीत बंदराचे जुने कागद संग्रहालयाहून अधिक इमानी निघाले.

* * *

एकोणिसाव्या शतकात मुंबईहून लिव्हरपूलला जाणाऱ्या रुईची नावे तिच्या मुलखावरून पडली होती. भडोचची ती ब्रोच, धोलेऱ्याची धोलेरा, कुमठ्याची कॉम्प्टा, हिंगणघाटची हिंगणघाट. आणि वऱ्हाडची? तिचे नाव ऊमरावती, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडचे उमरावती. तेवढे लांबलचक नाव दलालांना कुठले परवडायला! त्यांनी त्याचे ऊमरा केले आणि पुढे अनेकवचनी इंग्रजी स चिकटवून ऊमराज. अकोल्याचा, खामगावचा, पुढे तर खानदेशातलाही माल याच नावाखाली जाऊ लागला. लिव्हरपूलच्या बाजारात जो दलाल सकाळी ऊमराजचा भाव पुकारी, त्याला अंबादेवी ठाऊक नव्हती की बडनेरा ठाऊक नव्हते. तरी रोज तो आपल्या गावाचे नाव घेत होता.

हे नाव रेल्वेच्याही आधीचे आहे. आल्फ्रेड लायल याने 1870 मध्ये वऱ्हाडचे गॅझेटियर लिहिले. त्या काळच्या सरकारी नोंदींत अमरावतीबद्दल एक गोष्ट येते : 1842 साली इथल्या एकाच व्यापाऱ्याने जबलपूरमार्गे कलकत्त्याकडे एक लाख बैलांवर लादून कापूस पाठवला म्हणतात. आकडा फुगवलेला असेल, पण वाट खरी. लमाणांच्या तांड्यांनी हा माल पाठीवर वाहून पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला गंगेकाठी न्यायचा आणि तिथून नावेने कलकत्ता. निम्मी वाट पावसात, धुळीत. बैल जिथे बसेल तिथे गोणही मातीत. विलायतेत हिंदी कापसाची जी बदनामी झाली, कचरा आहे, ओला आहे, माती आहे, तिचा मोठा वाटा या प्रवासाचा. उरलेला लबाडीचा. वजन वाढवण्यासाठी पाणी मारणे, सरकी मिसळणे हे प्रकार इतके माजले की 1863 मध्ये मुंबई सरकारला कापसातील लबाड्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. लबाडी शेतावर किती, रस्त्यात किती आणि बंदरावर किती, हा वाद तेव्हाही मिटला नव्हता.

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. कारण सांगितले ते हैदराबाद कंटिन्जंटच्या थकलेल्या पगाराचे. त्याच वर्षी, तहाच्या महिनाभर आधी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली होती. या दोन तारखा शाळेच्या पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत येतात. वऱ्हाडच्या इतिहासात त्या एकाच धड्यात याव्यात. भुसावळहून निघालेला फाटा अकोला, बडनेरा करीत 1867 मध्ये नागपूरला पोचला आणि लमाणांचे तांडे, जे शतकानुशतके या मुलखाची मालगाडी होते, दहापाच वर्षांत बेकार झाले.

मग 1870. या एका वर्षाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. नोव्हेंबर 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला होता. मार्च 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला आणि जलंब ते खामगाव हा अवघ्या तेरा किलोमीटरांचा फाटा त्याच्या हस्ते सुरू झाला. त्याच वर्षी समुद्राखालची तार सुएझ-एडनमार्गे मुंबईला जोडली गेली. आठ-नऊ महिन्यांत कालवा, फाटा आणि तार! हिंदुस्थानचा व्हाइसरॉय तेरा किलोमीटरांच्या रुळांसाठी वैशाखवणव्याच्या तोंडावर खामगावला का येतो, हे त्या तीन गोष्टी शेजारी ठेवल्यावर कळते. खामगाव तेव्हा हिंदुस्थानातल्या मोठ्या कापूसबाजारांपैकी एक होते. फोल्कार्ट या स्विस पेढीने तिथे आपली खरेदी मांडली. ग्रीक रॅली बंधूंचे दलाल अमरावती-अकोल्यात आले. अमरावतीतल्या रॅलीज प्लॉटमध्ये आज राहणाऱ्यांपैकी कितीजणांना हा रॅली कोण ते माहीत आहे, देव जाणे. माझ्या एका स्नेह्याला वर्षानुवर्षे वाटत होते की तिथे सभा-मोर्चे भरत असतील, म्हणून रॅली!

* * *

बंदर माल घेते तेव्हा नुसता माल घेत नाही, काय पिकवायचे तेही ठरवते. वऱ्हाडचा जुना नामी कापूस म्हणजे बनी. लांब धाग्याचा, मऊ. हिंगणघाटच्या नावाने जो गाजला तो हाच. त्याच्या जोडीला जरी. आखूड धाग्याची, पण लवकर येणारी, भरघोस बोंडांची, आणि पिंजली तर मणामागे रुई जास्त देणारी. कापूस-आयुक्त म्हणून नेमलेल्या रिव्हेट-कार्नाक याने बनीचे बियाणे शुद्ध राहावे म्हणून बरीच खटपट केली. पण बाजार वजनाला पैसे देत होता, धाग्याला नाही. मापाच्या काट्यावर बनी हरली. शतक संपता संपता ऊमराज म्हणजे आखूड, जाडाभरडा, स्वस्त माल अशी ओळख पक्की झाली. दोष शेतकऱ्याच्या माथी आला. त्याने अडाणीपणाने चांगले वाण घालवले असे अहवाल लिहिणारे लिहीत राहिले. काटा कोणाच्या हातात होता हे त्या अहवालांत फारसे येत नाही.

लँकेशायरने तोंड फिरवल्यावर या जाड्याभरड्या मालाला गिऱ्हाईक भेटले ते पूर्वेकडचे. 1893 मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीची आगबोट मुंबई-कोबे अशी सुरू झाली. ऊमराज जपानला जाऊ लागले. आमच्या पऱ्हाटीचे बोंड ओसाकाच्या चातीवर चढले. मुंबईच्या गिरण्याही हेच वापरीत. कावसजी दावरांनी 1854 मध्ये ताडदेवला पहिल्या गिरणीची कंपनी काढली, तिच्यामागून गिरणगाव उभे राहिले. कोकणातला आणि घाटावरचा माणूस तिथे सूत कातायला गेला. वऱ्हाडातून गेला तो कापूस.

आणि इकडे? जिथे ज्वारी होती तिथे पऱ्हाटी आली, गुरांची कुरणे नांगराखाली गेली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवर लिहिलेल्या ग्रंथात हे तपशिलाने मांडले आहे. 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आले तेव्हा वऱ्हाड हा हिंदुस्थानातला संपन्न मुलूख समजला जात होता, आणि रेल्वेही होती. धान्य आणायला रेल्वे होती म्हणून दुष्काळ सुसह्य होईल असे म्हणणाऱ्यांना त्या दोन वर्षांनी उत्तर दिले. गाडी होती, धान्यही होते, विकत घ्यायला हातात पैसा नव्हता. रोजमजूर, वेचणीवाल्या बाया, लमाण आणि कोरकू आधी मेले. हे लिहिताना मी उगाच आवाज चढवत नाही. पण बंदराच्या वैभवाचा हिशेब मांडायचा तर ही बाजूही त्याच वहीत यावी.

बाजार अगदीच मोकाट होता असेही नाही. 1886 मध्ये कारंज्याला हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने पहिला नियंत्रित कापूसबाजार झाला, आणि 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. आजच्या बाजार समित्यांचे मूळ इथे आहे. देशाला नियंत्रित बाजाराची कल्पना वऱ्हाडने दिली ही अभिमानाची गोष्ट मानावी, फक्त सुरुवातीच्या समित्यांत वजन व्यापाऱ्यांचेच होते हे विसरू नये. पुढे 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसचा शिक्का आणि क्रमांक घालणे सक्तीचे केले. गाठ बंदरावर फुटली आणि आत कचरा निघाला, तर ती कुठे दाबली ते कळावे म्हणून.

या शिक्क्याबद्दल मला सांगितले ते अकोल्याच्या एका म्हाताऱ्या प्रेसकामगाराने. वय ऐंशीच्या घरात, हाताची दोन बोटे प्रेसमध्ये गेलेली. "गाठीवर नाव नसे भाऊ, नंबर राहे. नंबर पाह्यला का मुंबईवाल्याले समजे माल कुठचा. मानसाले नंबर नव्हता, गाठीले होता." पत्र्याच्या तुकड्यात आकडे कोरून त्यावरून काळा रंग फिरवायचा, असा तो शिक्का. दिवसाकाठी किती गाठी व्हायच्या हे ते बोटांवर मोजून सांगायला गेले आणि हसून थांबले.

* * *

संग्रहालयातून बाहेर पडलो तेव्हा दुपार होती. टॅक्सीने कॉटन ग्रीनला गेलो. नावात हिरवळ आहे ती खरी हिरवळ होती, पण इथली नव्हे. कापसाचे ढीग आधी किल्ल्यात टाऊन हॉलसमोरच्या मैदानात पडत, म्हणून ते कॉटन ग्रीन. 1844 मध्ये बाजार कुलाब्याला हलवला, आणि 1920 च्या दशकात तो शिवडी-माझगावच्या भरावावर, आजच्या जागी आला. नाव प्रत्येक वेळी बरोबर गेले, हिरवळ मागे राहिली. हार्बर लाइनच्या फलाटावर उभे राहिलेल्या कोणालाही कॉटन ग्रीन म्हणजे फक्त एक स्टेशन.

कुलाब्याच्या काळात आतल्या मुलखातून येणारा कापूस सैल किंवा अर्धवट दाबलेला असे. बोटीत जागा मोलाची, म्हणून तो कुलाब्याच्या वाफेच्या प्रेसमध्ये पुन्हा दाबून 392 पौंडांची, म्हणजे बरोबर अर्ध्या खंडीची घट्ट गाठ करायची. रेल्वे आल्यावर हे दाबण्याचे काम हळूहळू वऱ्हाडातच होऊ लागले, कारण रेल्वेच्या डब्यातही जागेचेच पैसे. अकोला, अमरावती, खामगाव, मूर्तिजापूर, धामणगाव इथे जिन-प्रेस उभे राहिले ते असे. धुराडी दिसू लागली, भोंगे वाजू लागले. आमच्याकडे एवढाच उद्योग आला : सरकी काढणे आणि दाबणे. बडनेऱ्याची विजय मिल, अकोल्याची सावतराम, अचलपूरची विदर्भ मिल अशा थोड्या गिरण्या सोडल्या तर सूत आणि कापड करण्याचे काम, म्हणजे जिथे खरी किंमत वाढते ते, दुसरीकडेच राहिले. 1877 मध्ये टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल काढली तेव्हा मुंबईतले लोक त्यांना हसले होते, बंदर सोडून कापसाच्या मुलखात गिरणी कोण काढतो म्हणून. गिरणी उत्तम चालली. हसणारे मात्र मुंबईतच गिरण्या काढत राहिले.

शिवडीच्या गोदामांच्या बाजूने चालताना मनात हाच हिशेब चालू होता. गोदामांचे पत्रे गंजलेले, एका दाराशी झोपलेला पहारेकरी. जवळच काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेचे वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचे आहे, त्याच्या बातम्या मी कितीतरी वर्षे कापून ठेवतो आहे. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी संप आणि त्यानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्या यांची आठवण तिथे राहावी असे प्रत्येकाला वाटते. तिथे चाती, माग, भोंगा, कामगाराची चाळ हे सगळे येईल, यावेच. एक काचेचे कपाट रिकामे ठेवून त्यात पऱ्हाटीचे वाळके झाड, खाली ऊमरा असे लिहून ठेवायला काय हरकत आहे? खर्च अगदी थोडा.

पण हे मागणे मांडताना जीभ अडखळते, कारण आम्ही आमचे काय जपले? तालुक्याच्या एका गावी शंभरीच्या पुढचा एक जिन पाडला जात असल्याचे कळले म्हणून मी धावत गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पोचलो. वह्या रद्दीत गेल्या होत्या, किलोच्या भावाने. लॅंकेशायरात बनलेल्या यंत्राचे ओतीव चाक ट्रकवर चढत होते. जागेच्या मालकाने मला चहा पाजला, "आधी सांगितलं असतं तर ठेवल्या असत्या" असेही म्हणाला. त्याचे खोटे नव्हते. आधी सांगायला कोणी नव्हते. त्या जागी आता ले-आऊट आहे. रद्दीवाल्याकडून मी एक वही सोडवून आणली. आकड्यांच्या रांगा आहेत, गाठीचा नंबर, वजन, रवानगी. रवानगीच्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच शब्द : मुंबई. लिहिणाऱ्याने पहिल्या ओळीत पूर्ण लिहिला आहे आणि खाली पानभर नुसती दोन टिंबे मारली आहेत.

शकुंतला रेल्वेचेही तसेच. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर अशी ही अरुंद रुळांची गाडी खाजगी इंग्रज कंपनीने कापसासाठी टाकली. तिचे वाफेचे इंजिन 1921 चे, मँचेस्टरच्या कारखान्यातले. 15 एप्रिल 1994 पर्यंत ते धावले. आज रूळ गवतात आहेत. लोकांना ती गोड गाडी म्हणून आठवते, माझ्या आईलाही आठवे. ती कोणाचे ओझे वाहत होती हे गोडव्याखाली झाकले जाते.

मागच्या हिवाळ्यात त्याच रुळांच्या टोकाला, अचलपूरला गेलो होतो. विदर्भ मिल बंद पडल्यावर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने तिथे नवी गिरणी उभारली. तिला नाव दिले मुंबईच्या गिरणगावातल्या जुन्या फिनले मिलचे. ते नाव मुळात स्कॉटलंडच्या जेम्स फिनले कंपनीचे. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली. मी गेलो तेव्हा फाटकासमोर दोघेतिघे जुने कामगार बसले होते. मी वहीत काही टिपतो आहे हे पाहून एकाने विचारले, कुठून आलात. अमरावती म्हणालो.

"मंग ठीक. मले वाटलं मुंबईहून आले असान. मुंबईहून कोणी आलं का लोकं जमतेत, मिल सुरू होते का इचाराले."

तूर वाळत घातलेल्या रस्त्याने मी बसस्टँडकडे निघालो. डाव्या हाताला पऱ्हाटी उभी होती, तिसरी वेचणी चालू होती.